अ‍ॅपलेशियन ट्रेलवरील गावातला मुक्काम: उतरण्याच्या दोन दिवस आधीपासून पुन्हा वाट धरेपर्यंत

हॉट स्प्रिंग्ज, डमॅस्कस, मॉन्सन अशा गावांत उतरणारे अनेक जण एकच क्रम धरतात: आधी पोटभर जेवण, मग आंघोळ, मग झोप. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या लक्षात येते की पोस्ट बंद झाले आहे, तंबू सॅकमध्ये तसाच ओला पडून आहे आणि पुढच्या टप्प्याची रसद अजून घेतलेलीच नाही. मग घाईघाईत गरजेपेक्षा जास्त सामान विकत घेऊन ते संध्याकाळी चढाला लागतात, नाहीतर आणखी एका रात्रीचे भाडे भरतात. दोन्ही प्रकारांत विश्रांती अशी मिळतच नाही.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर पर्वतापासून मेन राज्यातल्या कटाडिन पर्वतापर्यंतची ही सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट संपूर्ण किंवा मोठ्या टप्प्याने चालणाऱ्यांसाठी हा लेख आहे. भारतातून पर्यटक व्हिसावर जाणाऱ्यांनी पाळायच्या गोष्टी त्या त्या ठिकाणी सांगितल्या आहेत. सगळ्या क्रमामागचे सूत्र असे: ज्या कामांची वेळ दुसऱ्याच्या हातात आहे ती सर्वांत आधी उरकावीत, जी कामे आपोआप होत राहतात ती लगेच सुरू करून द्यावीत, आणि जी अंथरुणावर बसूनही होतात ती शेवटासाठी ठेवावीत.

## १. दोन दिवस आधी: मुक्कामाचा प्रकार आणि वार ठरवणे

ट्रेलवर अजिबात न चालण्याच्या दिवसाला ‘झिरो’ म्हणतात आणि जेमतेम काही किलोमीटर चालण्याच्या दिवसाला ‘निअरो’. नवखे लोक झिरोच्या मागे लागतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, दुखापत किंवा आजार नसेल तर निअरोच अधिक फायद्याचा ठरतो. आदल्या रात्री गावापासून पाच-सात किलोमीटरवर मुक्काम करावा, सकाळी नऊ-दहापर्यंत गावात पोहोचावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघावे. यात भाडे एकाच रात्रीचे लागते, पण गावात जवळजवळ सव्वा दिवस मिळतो आणि त्यात दुकाने व कार्यालये उघडी असण्याचे तास दोनदा हाती येतात. याउलट संध्याकाळी सहाला थकून पोहोचणाऱ्याची पहिली रात्र नुसती वाया जाते.

पूर्ण झिरो घ्यावा तो पुढील परिस्थितींत: पायाचे किंवा गुडघ्याचे दुखणे सकाळी उठल्यावरही तसेच असणे, ताप किंवा जुलाब होणे, पावलांची कातडी सतत ओली राहून पांढरी व सुरकुतलेली पडणे, किंवा पुढच्या उंच कड्यांवर वादळाचा स्पष्ट अंदाज असणे.

वार पाहणे हे यातले सर्वांत दुर्लक्षित काम आहे. लहान गावांतले पोस्ट शनिवारी फार थोडा वेळ उघडे असते आणि रविवारी बंद असते. काही ठिकाणी तर रोज दुपारच्या जेवणासाठीही खिडकी बंद होते. उत्तरेकडे जाणाऱ्यांना हंगामात मे महिन्याचा शेवटचा सोमवार, १९ जून, ४ जुलै आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार या सुट्या हमखास आडव्या येतात. पार्सल घ्यायचे असेल आणि आपण शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी दुपारी पोहोचणार असू, तर चालण्याचा वेग एक दिवस आधीच वाढवावा किंवा कमी करावा. पोस्टाच्या बंद दारासमोर बसून काढलेला रविवार हा विश्रांतीचा दिवस नव्हे.

याच वेळी, तंबूत पडल्या पडल्या, फोनवर एक यादी करावी. तुटलेली, संपत आलेली आणि गरज नसलेली अशा तीन प्रकारच्या वस्तू तीत असाव्यात. गावात पोहोचल्यावर केलेल्या यादीतून झिपचा तुटलेला दांडा किंवा दात घासायची संपलेली पेस्ट नेमकी निसटते, कारण तिथे त्या वस्तूची आठवण करून देणारी अडचण समोर नसते.

तपासणी: पर्यटक व्हिसावर असलेल्यांनी आपल्या आय-९४ नोंदीवरची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश करताना मुक्कामाची मुदत ठरवणाऱ्या नोंदीवरची तारीख फोनमध्ये वेगळी नोंदवून ठेवावी. बहुधा सहा महिन्यांपर्यंतचाच मुक्काम मंजूर होतो आणि संपूर्ण ट्रेलला पाच ते सात महिने लागतात. म्हणजे प्रत्येक झिरो त्या तारखेतून वजा होतो. शिवाय कटाडिन ज्या बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये आहे, तिथला तंबूमुक्काम १५ ऑक्टोबरला संपतो. ‘अजून एक दिवस राहू’ असे ठरवण्यापूर्वी या दोन तारखा पाहाव्यात.

## २. पार्सल: पाठवण्याच्या वेळीच होणाऱ्या चुका

अमेरिकी टपाल खात्याच्या ‘जनरल डिलिव्हरी’ सेवेने आपले पार्सल गावातल्या पोस्टात आपली वाट पाहत राहते. पत्त्यात आपले खरे नाव, मग ‘जनरल डिलिव्हरी’, गाव, राज्य आणि झिप कोड, म्हणजे तिथला पिन कोड, येतो. डमॅस्कस, व्हर्जिनियासाठी तो २४२३६ आहे. खोक्याच्या दोन बाजूंना मोठ्या अक्षरांत आपण अ‍ॅपलेशियन ट्रेलवर चालत असल्याचे आणि पोहोचण्याची अंदाजे तारीख लिहावी. साधारणपणे पार्सल ३० दिवसांपर्यंत ठेवले जाते, त्यामुळे ते महिनाभराहून अधिक आधी पाठवू नये.

चुका नेहमी त्याच होतात. पहिली चूक नावाची. ट्रेलवर प्रत्येकाला एक टोपणनाव पडते आणि मित्र खोक्यावर तेच लिहून पाठवतात. खिडकीवर छायाचित्र असलेले ओळखपत्र मागतात, म्हणून खोक्यावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरश: जुळले पाहिजे. आपल्याकडे वडिलांचे नाव कधी मध्ये येते, कधी गाळले जाते. भारतीयांना ही अडचण जास्त येते, म्हणून पाठवणाऱ्याला पासपोर्टचे छायाचित्रच द्यावे. दुसरी चूक खासगी कुरियरची. त्यांचे खोके पोस्टाच्या जनरल डिलिव्हरीला चालत नाही. ते हॉस्टेलच्या, म्हणजे चालणाऱ्यांना खाट भाड्याने देणाऱ्या निवासाच्या पत्त्यावर, तेही हॉस्टेलवाल्यांना आधी विचारून पाठवावे.

तिसरी चूक म्हणजे प्रत्येक गावात खाण्याचे खोके पाठवणे. महिन्याभरात चव बदलते, भूक बदलते आणि तीच ओटमीलची पाकिटे उघडवतही नाहीत. पार्सल राखून ठेवावे ते औषधे, बूट, आणि जिथे दुकान अगदीच लहान आहे अशा गावांसाठी. नेहमी लागत नाही पण टाकूनही देता येत नाही अशा वस्तूंचे एक खोके, म्हणजे ‘बाउन्स बॉक्स’, पुढे पुढे पाठवत राहावे. ‘प्रायॉरिटी मेल’ या टपाल खात्याच्या जलद सेवेने आलेले पार्सल न उघडता परत खिडकीवर दिले तर ते पुढच्या गावाला विनाशुल्क पाठवले जाते. उघडले की पुन्हा पूर्ण टपालखर्च द्यावा लागतो.

सावधान: स्टोव्हचा गॅसचा डबा खोक्यात घालून पाठवू नये. तो विमानाने जाणाऱ्या टपालात चालत नाही आणि जमिनीवरून पाठवायलाही वेगळे नियम व खुणा आहेत. तो गावातच विकत घ्यावा.

## ३. वाटेवरून गावात पोहोचणे

हॉट स्प्रिंग्ज आणि डमॅस्कस या गावांच्या रस्त्यांवरूनच ट्रेल जातो. ट्रेलची खूण असलेले पांढरे पट्टे विजेच्या खांबांवर दिसू लागतात आणि आपण आपोआप गावात येतो. सगळीकडे असे नाही. नॉर्थ कॅरोलिनातील फ्रँकलिन हे गाव वाइंडिंग स्टेअर गॅपपासून सुमारे १६ किलोमीटर दूर आहे. तिथे शटल म्हणजे ठरवून बोलावलेली गाडी, किंवा वाटेतल्या गाडीला अंगठा दाखवणे, हे दोनच मार्ग उरतात.

शटलसाठी फोन करायचा तो रस्त्यावर पोहोचल्यावर नव्हे, तर आदल्या डोंगरधारेवरून. खिंडीत बहुधा सिग्नल नसतो, धारेवर असतो. फोन करताना खिंडीचे नाव, रस्त्याचा क्रमांक आणि वेळ सांगावी, आणि भाडे तेव्हाच विचारून घ्यावे. अंगठा दाखवून गाडी थांबवण्याबाबत सर्व राज्यांत एकसारखा नियम नाही. जिथे मनाई आहे तिथे शटलच घ्यावी. गाडी मिळालीच तर सॅक मागे ठेवावी, पण फोन, पैसे आणि पासपोर्ट अंगावरच्या पाउचमध्ये असावेत. उतरताना इंधनाचे पैसे देऊ करावेत. बहुतेक लोक नाकारतात, तरी विचारावे.

मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडच्या गावांत एकाच वेळी मोठा जथा येतो, आणि मे महिन्यात डमॅस्कसला ‘ट्रेल डेज’ हा चालणाऱ्यांचा मेळावा भरतो तेव्हा तर जागा मिळणे कठीण होते. अशा दिवसांत दोन दिवस आधीच फोन करून खाट राखून ठेवावी.

तपासणी: सप्टेंबर २०२४ मधील हेलीन वादळाने हॉट स्प्रिंग्ज, अर्विन आणि डमॅस्कस या तिन्ही गावांचे मोठे नुकसान केले. त्यापूर्वीच्या याद्यांमधले हॉस्टेल, दुकान किंवा पूल आज तसाच असेल असे गृहीत धरू नये. अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी या वाटेची काळजी घेणाऱ्या संस्थेच्या ताज्या सूचना आणि नकाशाच्या अ‍ॅपवरील अलीकडच्या नोंदी पाहूनच फोन करावा.

## ४. पहिले दोन तास: क्रम मोडू नये

गावात पाऊल टाकल्यावर भूक सर्वांत मोठ्याने बोलते. तिला सफरचंद, केळे किंवा सॅकमधला शेवटचा बार देऊन तासभर शांत करावे आणि पुढील क्रम पाळावा.

आधी पोस्ट, जर ते पुढच्या तीन तासांत बंद होणार असेल तर. मग हॉस्टेल. तिथे पोहोचताच पॉवर बँक चार्जिंगला लावावी, फोन नंतर. दहा हजार एमएएचची बँक लहान चार्जरवर भरायला रात्र लागू शकते, फोन मात्र दीड-दोन तासांत भरतो, आणि एकाच भिंतीवरच्या दोन-चार सॉकेटांसाठी दहा जण थांबलेले असतात. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि प्लग चपट्या दोन पात्यांचा असतो; भारतीय चार्जर बहुधा व्होल्टेज पेलतो, पण अडॅप्टर सैल असेल तर रात्रभरात तो गळून पडतो, म्हणून तो घट्ट बसतो का ते हलवून पाहावे.

त्यानंतर तंबू. आंघोळीच्याही आधी तो अंगणातल्या दोरीवर किंवा कठड्यावर पसरावा, कारण ऊन आपल्या सोयीने थांबत नाही. बाहेरचे आवरण वाळले तरी जमिनीवरच्या कापडाचे चार कोपरे ओलेच राहतात. त्या शिवणींवरून अंगठा फिरवून पाहावे. ओला तंबू गुंडाळून ठेवला तर दोन दिवसांत बुरशीचा वास येतो आणि कालांतराने आतला जलरोधक थर चिकट होऊन सुटू लागतो.

मग कपडे धुण्याच्या रांगेत नाव लावावे आणि मगच आंघोळीला जावे. पुष्कळ हॉस्टेलांत आल्या आल्या घालायला जुने, स्वच्छ कपडे ठेवलेले असतात. ते न लाजता घ्यावेत, म्हणजे अंगावरचे सगळेच कपडे एकदम धुता येतात. बूट आणि सॅक बाहेरच्या व्हरांड्यात ठेवण्याचा नियम असतो. तो न सांगताही पाळावा.

सावधान: मोफत राहण्याच्या बदल्यात झाडलोट किंवा भांडी घासण्याचे काम देण्याची पद्धत काही हॉस्टेलांत आणि व्हाइट माउंटन्समधील डोंगरी निवासांत आहे. पर्यटक व्हिसावर काम करण्याची परवानगी नसते आणि राहण्या-खाण्याच्या स्वरूपातला मोबदला हाही मोबदलाच असतो. अशा व्यक्तींनी हा पर्याय टाळून पैसे देऊनच राहावे.

## ५. कपडे आणि गोचीड

कपडे धुणे हे इथे केवळ स्वच्छतेचे काम नाही. लाइम हा जिवाणूजन्य रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड या वाटेवर आढळते, विशेषत: मध्य-अटलांटिक राज्यांपासून उत्तरेकडे, आणि तिची अर्धवट वाढलेली अवस्था खसखशीच्या दाण्याएवढी असते. थंड किंवा कोमट पाण्याने धुतल्यावर ती मरत नाही. कोरडे कपडे वाळवणीच्या यंत्रात जास्त तापमानावर दहा मिनिटे फिरवल्यास मरते. म्हणून धुण्याआधी कोरडे कपडे एकदा गरम यंत्रातून काढावेत. ते ओले असतील तर अधिक वेळ लागतो. लोकरीचे मोजे आणि पातळ पावसाळी जॅकेट या गरम फेरीतून वगळावे, कारण लोकर आटते. ते हातात धरून शिवणी नीट पाहाव्यात.

कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारायचे असेल तर ते धुऊन वाळल्यानंतर, मोकळ्या हवेत फवारावे आणि पूर्ण सुकल्याशिवाय अंगात घालू नये. ओले परमेथ्रिन मांजरांना विषारी असते, आणि हॉस्टेलांच्या व्हरांड्यांत मांजरे पुष्कळदा असतात. त्यांच्यापासून दूर फवारावे.

पिसांची रजई साध्या डिटर्जंटने आणि घाईत कधीही धुऊ नये. ती आतपर्यंत वाळायला अनेक तास लागतात. एका रात्रीच्या मुक्कामात तिला नुसती हवा आणि ऊन दाखवावे.

## ६. शरीराची तपासणी

आंघोळ झाल्यावर, कपडे घालण्यापूर्वी, चांगल्या उजेडात अंग तपासावे. जांघा, काखा, गुडघ्यामागची घडी, कमरपट्ट्याखालची जागा, कानामागे आणि केसांच्या मुळाशी गोचीड बसते. सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढावी. पिरगळू नये, तेल किंवा काडीची आग लावू नये. काढल्याची तारीख लिहून ठेवावी. ती ३६ तासांहून अधिक चिकटलेली असेल आणि काढून ७२ तास उलटले नसतील, तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची एक मात्रा देण्याचा विचार करतात. म्हणून ही वेळ गावातच वापरावी. पुढच्या ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा, ताप किंवा सांधेदुखी आली तर थांबून उपचार घ्यावेत.

पाय पाण्याने मऊ झालेले असतात, तेव्हा घट्टे कापण्याचा मोह आवरावा. पूर्ण घट्टा काढला की दुसऱ्या दिवशी खालच्या कोवळ्या कातडीवर फोड येतो. नखे मात्र सरळ आडवी कापावीत, नाहीतर उतारावर ती बुटाच्या पुढच्या भागावर आदळून काळी पडतात. बुटाचा तळवा अंगठ्यांनी दाबून पाहावा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर त्यातली उशी बसते. पाय वाटेवर सुजून अर्ध्या ते एका मापाने मोठे होतात, त्यामुळे नवे बूट घरच्या मापाने मागवू नयेत, आणि मागवायचे ते दोन गावे पुढच्या पत्त्यावर.

दवाखान्याची गरज पडली तर आणीबाणी विभागाऐवजी ‘अर्जंट केअर’ केंद्र आधी शोधावे; जिवावरचे काही नसेल तर तिथे खर्च आणि वेळ दोन्ही खूप कमी लागतात. प्रवास विम्याचा क्रमांक कागदावर लिहिलेला असावा, कारण फोन नेमका चार्जिंगला असतो.

सावधान: या ट्रेलवर उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूच्या साथी येतात आणि हॉस्टेलची सामाईक खोली ही त्या पसरण्याची जागा असते. अल्कोहोलचे जेल या विषाणूवर फारसे चालत नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानेच हात धुवावेत. दुसऱ्याच्या पाकिटात हात घालून खाऊ नये, त्याला आपल्या तळहातावर ओतायला सांगावे. उलट्या-जुलाब सुरू झाले तर लपवू नये. हॉस्टेलच्या मालकांना सांगून वेगळी खोली घ्यावी, आणि लक्षणे थांबल्यानंतरही किमान दोन दिवस सामाईक स्वयंपाकघरापासून दूर राहावे. एका माणसाने लपवले की आठवडाभरात मागचे-पुढचे कित्येक जण तंबूत तडफडत पडतात.

## ७. जेवण

दोन-तीन आठवडे चालल्यावर लागणारी भूक घरच्या भुकेहून अगदी वेगळी असते आणि ती गावात भागवणे योग्यच आहे. चूक होते ती पहिल्याच बैठकीत तळलेले पदार्थ, मोठा पिझ्झा आणि बिअर एकदम घेण्यात. आतड्यांना कित्येक दिवस सुके, मोजके अन्न मिळालेले असते. पहिल्या जेवणात ताजी भाजी, फळे, अंडी किंवा दही आणि भरपूर पाणी घ्यावे. तीन-चार तासांनी दुसरे मोठे जेवण घ्यावे. मद्य घ्यायचेच असेल तर थोडे, आणि निघण्याच्या आदल्या रात्री नको. झोप उथळ होते आणि सकाळचा चढ अंगावर येतो.

शाकाहारी वाचकांनी दक्षिणेकडील राज्यांत विशेष लक्ष द्यावे. शिजवलेल्या घेवड्यात आणि पालेभाज्यांत चवीसाठी डुकराचे मांस घालण्याची तिथे पद्धत आहे, आणि पदार्थाच्या नावावरून ते कळत नाही. ‘मांस नाही ना?’ एवढे विचारणे पुरत नाही. ‘मांसाचे तुकडे, चरबी किंवा मांसाचे पाणी आहे का?’ असे स्पष्ट विचारावे. नूडल्सच्या मसाल्याच्या पुडीतही कोंबडी किंवा गोमांसाचा अर्क असतो; पाकिटामागचे घटक वाचावेत. हॉटेलात बसून जेवल्यावर बिलाच्या १५ ते २० टक्के टीप द्यायची असते, हे खर्चाच्या अंदाजात आधीच धरावे.

## ८. साहित्य

पाण्याचा पोकळ तंतूंचा फिल्टर स्वच्छ पाण्याने उलट्या दिशेने जोर लावून धुवावा. धार एक-दोन आठवड्यांपूर्वीपेक्षा मंद असेल तर आत क्षार साठलेले असतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही वेळ बुडवून पुन्हा धुतल्यास सुटतात. एकदा वापरलेला फिल्टर गोठला तर तंतू फुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही. मार्च-एप्रिलच्या थंड रात्री तो बाहेरच्या व्हरांड्यात सॅकमध्ये विसरू नये.

गॅसच्या डब्यात किती शिल्लक आहे ते पातेल्यात पाणी घेऊन त्यावर डबा तरंगवून पाहावे. जितका खोल बसेल तितका भरलेला. पाण्याची रेषा मार्करने डब्यावर खुणावली की पुढच्या गावात तुलना करता येते. दुकानातल्या ‘हाइकर बॉक्स’मध्ये, म्हणजे इतरांनी सोडलेल्या वस्तूंच्या खोक्यात, अर्धे डबे नेहमी असतात, पण केवळ हलवून पाहून घेतलेला डबा दुसऱ्याच दिवशी विझतो.

## ९. रसद: दिवस नव्हे, जेवणे मोजावीत

सर्वाधिक वजन इथेच वाढते. उदाहरण पाहू. हॉट स्प्रिंग्जपासून अर्विनपर्यंत साधारण ११० किलोमीटर आहेत. रोज २४ किलोमीटर चालणारा माणूस ‘पाच दिवस’ म्हणून पाच नाश्ते, पाच दुपारची जेवणे आणि पाच रात्रीची जेवणे घेतो. प्रत्यक्षात तो पहिल्या दिवशी गावात जेवून दुपारी निघतो, १२-१४ किलोमीटर चालतो, आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी अर्विनमध्ये जेवतो. म्हणजे लागतात चार रात्रीची जेवणे, चार नाश्ते, चार दुपारची जेवणे आणि मधल्या वेळचे खाणे. त्यावर एक राखीव जेवण. दर दिवसाला ७०० ते ९०० ग्रॅम धरले तर हे ओझे सुमारे साडेतीन किलो होते. न मोजता घेतलेल्या पिशव्या पाच-साडेपाच किलोंच्या भरतात आणि त्यातले दीड किलो अर्विनला परत पोहोचते.

दुकानात जाण्यापूर्वी सॅकमधले उरलेले सगळे खाणे खाटेवर ओतून मोजावे. शेंगदाण्याच्या बटरचे अर्धे भांडे आणि ओटमीलची चार पाकिटे दिसली की यादी निम्म्याने घटते. दुकानात जेवूनच जावे. आणल्यावर पुठ्ठे, डबे आणि जाड प्लास्टिक तिथेच काढून एकेका दिवसाचे खाणे झिपच्या पिशव्यांत भरावे. शिजवण्याच्या सूचना फाडून सोबत ठेवाव्यात. अस्वलापासून अन्न वाचवण्याचा कडक डबा वापरत असाल तर सगळे त्यात खरोखर बसते का ते खोलीतच पाहावे; त्यात सुगंधी वस्तूही, म्हणजे पेस्ट आणि मलम, बसली पाहिजेत.

मॉन्सनमध्ये मात्र हिशेब वेगळा करावा. पुढचे सुमारे १६० किलोमीटरचे निर्जन अंतर वाटेत दुकानाशिवाय पार करायचे असते आणि ओढे भरले तर एक दिवस थांबावे लागते. तिथे राखीव एका दिवसाचे पूर्ण अन्न घ्यावे, किंवा हॉस्टेलवाल्यांकडून वाटेत रसद पोहोचवण्याची सोय आधी ठरवून घ्यावी.

तपासणी: हाइकर बॉक्समध्ये सोडायचे ते फक्त सीलबंद किंवा नाव लिहिलेले अन्न. नाव नसलेली पांढरी पूड कुणी खात नाही आणि कुणी टाकूनही देत नाही.

## १०. प्रत्यक्ष विश्रांती

वरची कामे क्रमाने केली तर पहिल्या दिवशी चार-पाच वाजेपर्यंत संपतात. त्यानंतर पाय भिंतीला टेकवून उंच ठेवून पडावे. घरी फोन करावा, पण पुढच्या मुक्कामाचे आरक्षण, हवामान आणि नकाशे उतरवून घेणे याच वेळी उरकावे. वायफाय मंद असेल तर ते रात्री लावून ठेवावे.

विश्रांतीच्या नावाखाली ‘स्लॅकपॅकिंग’ घेण्याची चूक सर्रास होते. हॉस्टेलवाले सॅक ठेवून घेतात, गाडीने पुढे सोडतात आणि आपण हलक्या पिशवीने मागे चालत येतो. अंतर कापण्यासाठी ही चांगली सोय आहे, परंतु वजन नाही म्हणून माणूस तीस किलोमीटर पळतो आणि दुखरा घोटा अधिकच दुखतो. ज्या दिवशी स्नायूंना थांबायचे आहे त्या दिवशी ही सोय घेऊ नये. दोन वेळा वीस मिनिटे सपाट रस्त्यावर सावकाश फिरणे पुरेसे आहे; अजिबात न हलल्यास दुसऱ्या दिवशी पाय ताठरतात.

सामाईक खोलीत रात्री दहानंतर दिवा आणि आवाज नको. सकाळी लवकर निघायचे असेल तर सॅक रात्रीच बाहेर बांधून ठेवावी. पहाटे साडेपाचला प्लास्टिकच्या पिशव्यांचा खुळखुळाट करणारा एक जण बाकी सगळ्यांची झोप मोडतो.

देणगीवर चालणाऱ्या ठिकाणी, उदाहरणार्थ पेनसिल्व्हेनियातील डेलावेअर वॉटर गॅप येथील चर्चच्या हॉस्टेलमध्ये, पैसे मागितले जात नाहीत म्हणून न देता निघणे अत्यंत अयोग्य आहे. जवळ सुटी रोकड ठेवावी आणि इतरत्र एका खाटेला जे भाडे पडते त्याचा विचार करून रक्कम द्यावी. ही गावे अनोळखी, घामेजलेल्या माणसांना वर्षानुवर्षे दार उघडतात. मागून येणाऱ्यांसाठी ते दार उघडे राहणे आपल्या वागण्यावर अवलंबून आहे.

## ११. निघण्याचा दिवस

सकाळी नाश्त्यानंतर सॅक पूर्ण रिकामी करून पुन्हा भरावी. दोन दिवसांत वस्तू सर्वत्र पसरलेल्या असतात आणि हरवण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: चार्जरचा सॉकेट, वाळवणीच्या यंत्राच्या आतला वरचा भाग (तिथे मोजा चिकटून राहतो), न्हाणीघराचा खुंटीचा हूक, आणि स्वयंपाकघरातला फ्रिज. या चारही ठिकाणी स्वत: जाऊन पाहावे. उशीखालून पासपोर्ट आणि पैसे काढले का, हे खोलीबाहेर पडण्यापूर्वी हाताने चाचपावे.

भरलेली सॅक वजनकाट्यावर ठेवावी; बहुतेक हॉस्टेलांत टांगता काटा असतो. अंदाजापेक्षा दीड-दोन किलो जास्त भरली तर ते जवळजवळ नेहमी खाणे किंवा पाणी असते. पहिला झरा किती दूर आहे ते नकाशावर पाहून तेवढेच पाणी घ्यावे. घरच्या माणसाला पुढच्या गावाचे नाव आणि पोहोचण्याची तारीख कळवावी.

पहिल्या दिवशी मोठे अंतर ठरवू नये. सॅक सर्वांत जड असते, पोट भरलेले असते आणि गाव बहुधा दरीत असल्यामुळे सुरुवातच चढाने होते. साधारण तासाभराने एकदा थांबून बुटाची नाडी पुन्हा बांधावी, टाचेला कुठे घासते का ते पाहावे आणि सॅकचे पट्टे जुळवावेत. काही विसरल्याचे इथे लक्षात आले तर परत जाणे अजून परवडते. त्यापुढे गेल्यावर परत फिरू नये. हॉस्टेलला फोन करून वस्तू पुढच्या गावाच्या पोस्टात, आपल्या पासपोर्टवरच्या नावाने, पाठवायला सांगावी आणि टपालखर्च त्याच फोनवर विचारून लगेच चुकता करावा.